खाजणाचे बांध : त्यांची रचना, राखण व व्यवस्था

कोंकण व गोमंतक या प्रांतांचा इतिहास लिहितांना आमच्या संशोधकांनीं जलदुर्ग, आरमार, बंदरें व जकातीचीं नाकीं यांचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. परंतु याच किनाऱ्यावर, खाड्यांच्या कांठाकांठानें, मातीची एक तटबंदी शेंकडों वर्षें उभी आहे. तिची दखल मात्र त्या मानानें फारच थोडी घेतली गेली. ही तटबंदी म्हणजे खाजणाचे अथवा खारीचे बांध होत. दगडी किल्ला एकदां बांधला म्हणजे राबता सुटल्यावरही त्याचे बुरूज शतकानुशतकें उभे राहतात. मातीच्या बांधाची गोष्ट निराळी आहे. एक पावसाळा त्याजकडे दुर्लक्ष झालें तर तो खचतो, व दुसऱ्या पावसाळ्यांत फुटतो. अर्थात् जो बांध हजार वर्षें टिकला असें आपण म्हणतों, तो वस्तुतः प्रतिवर्षीं थोडाथोडा नव्यानें बांधला गेलेला असतो. म्हणून त्याच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न ‘बांध कोणीं घातला’ हा नसून ‘तो कोणीं राखला, आणि राखण्याचा भार कोणाच्या शिरावर होता’ हा आहे. प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम भूमीचें स्वरूप पाहूं. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण व गालजीबाग या गोव्याच्या नद्या समुद्रास मिळतात तेथील भाग इतका सखल आहे कीं भरतीचें खारें पाणी नदीच्या पात्रांतून कित्येक कोस आंत शिरतें. या पाण्याच्या कांठीं गाळानें बनलेल्या ज्या सपाट जमिनी आहेत, त्यांचा पृष्ठभाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीं असतो. बांध नसेल तर तेथें चिखल, तिवर व खेकडे यांचेंच राज्य राहावयाचें. बांध घालून जी जमीन भाताखालीं आणली, ती खाजण. गोमंतकांत भाताच्या जमिनींचे मोरड, खेर व खाजण असे भेद करतात. पहिली उंचवट्याची, दुसरी वाळूमिश्रित, व तिसरी ही. गोव्यांतील खाजणाचें क्षेत्र सुमारें १८,००० हेक्टर धरलें जातें. उत्तरेस कुलाबा व ठाणें या जुन्या जिल्ह्यांत अशाच जमिनींस ‘खार’ म्हणतात, व पेण-अलिबागकडील खाऱ्या मुलखास ‘खारेपाट’ हें नांव प्रसिद्धच आहे.

ही विद्या पोर्तुगेजांनीं आणली नाहीं, हें आरंभींच स्पष्ट केलें पाहिजे. फोंडा महालांतील बांदिवडें येथें कोंकणच्या मौर्य कुळांतील अनिर्जितवर्मा या राजाचा ताम्रपट उपलब्ध झाला आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. कुमारद्वीप येथून, राज्याच्या २९ व्या वर्षीं, हस्त्यार्य नामक ब्राह्मणास करमुक्त जमीन दिल्याचा हा लेख आहे. त्यांत ‘खज्जन’ हा शब्द आला असून, अरण्य तोडून व समुद्राचें पाणी बांधानें अडवून जमीन लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. ‘खज्जन’ तोच आजचा ‘खाजण’, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. यांवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, अशा जमिनींस त्या काळींच स्वतंत्र नांव मिळण्याइतका हा व्यवहार रूढ झालेला होता. दुसरी, व आमच्या विषयास अधिक महत्त्वाची, ही कीं जमिनीचा हक्क आणि बांधाचें कष्ट यांची सांगड या जुन्यांत जुन्या लेखांतच घातलेली आढळते. दान मिळालें तें तयार शेताचें नव्हे; पाणी अडवील त्याचें शेत, असा त्याचा इत्यर्थ आहे.

आतां रचनेकडे वळूं. खाजणाच्या बांधास एकाच वेळीं दोन पाण्यांशीं झुंजावें लागतें. बाहेरून दिवसांतून दोनदां भरती चढते. आंतून पावसाळ्यांत डोंगरावरचें पाणी उतरतें. नुसती भिंत घातली तर समुद्र बाहेर राहील, परंतु पावसाचें पाणी आंत तुंबून रोप कुजेल. म्हणून बांध व दार हीं दोन्हीं मिळूनच एक रचना होते. एकावांचून दुसरें निरुपयोगी.

बाहेरचा मोठा बांध नदीच्या अंगास असतो, व आंतील ओहोळांच्या कांठीं लहान बांध असतात. मोठा बांध चिकण गाळाचा. गाळाचे थर देतांना त्यांत भाताचा पेंढा घालतात, त्यामुळें माती एकजीव होऊन भेगा पडत नाहींत. पायथा रुंद, माथा अरुंद, आणि जेथें प्रवाहाचा अथवा लाटांचा मारा असेल तेथें बाहेरच्या अंगास जांभ्या दगडाची फरसी. बांधापुढें चिखलांत तिवरांची दाटी राखलेली असते, ती लाटांचा जोर मोडते. माती कोठून काढावी यासही नियम आहे. ती बांधाच्या पायथ्यालगत काढली तर काम लवकर होतें खरें, परंतु पायथ्याचा आधार जाऊन बांध पुढें घसरतो.

उंचीचें माप अमावास्या-पौर्णिमेच्या पुढें येणाऱ्या उधाणावरून धरावें लागतें. या बाबतींत उत्तर व दक्षिण कोंकण यांत मोठा भेद आहे. मुंबईच्या बाजूस मोठ्या उधाणाच्या वेळीं भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत साडेचार-पांच मीटरांचें अंतर पडतें; गोव्यांत तें सुमारें दोन मीटरच असतें. त्यामुळें उत्तरेकडे बांध अधिक उंच व अधिक रुंद पायाचा करावा लागतो, आणि तो राखण्याचा खर्चही त्याच मानानें वाढतो. गोव्यांत गांवच्या सामाईक शक्तीनें जें काम निभत आलें, त्यास उत्तरेकडे भांडवलवाला पुढारी कां लागला, याचें एक कारण या अंतरांत असावें असा आमचा तर्क आहे.

दारास गोमंतकांत ‘मानस’ व कुलाब्याकडे ‘उघाडी’ म्हणतात. दगडी बांधणीच्या मुखांत लांकडी झडपा अशा बसविलेल्या असतात कीं भरतीचें पाणी चढूं लागलें म्हणजे त्याच्याच दाबानें त्या मिटतात, व ओहोटी लागून बाहेरचें पाणी उतरलें म्हणजे आंतील पाण्याच्या दाबानें आपोआप उघडतात. दारालगत आंतल्या अंगास एक खोलगट डोह असतो, त्यास गोव्यांत ‘पोंय’ म्हणतात. भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळीं आल्यास झडपा मिटलेल्या असतात. तितका वेळ डोंगराचें पाणी या पोंयींत व तीस मिळणाऱ्या चरांत सांठून राहतें. शेतावर पाणी चढावयाचें कीं नाहीं हें पुष्कळ अंशीं या डोहाच्या खोलीवर अवलंबून असतें. म्हणून त्यांतील गाळ उपसणें हें बांधाच्या डागडुजीइतकेंच आवश्यक काम होय.

बांध फुटतो कसा, हें समजल्यावांचून त्याच्या व्यवस्थेचें मर्म कळत नाहीं. पाणी माथ्यावरून गेलें म्हणजेच बांध जातो असें नाहीं. बहुधा आरंभ खेकड्याच्या वा उंदराच्या बिळापासून होतो. त्या बिळांतून बोटभर धार आंत येते. ती त्याच दिवशीं कोणी पाहिली तर चार घमेलीं चिखलानें बुजते. न पाहिली तर भोंक मोठें होतें, वरची माती ढांसळते व खांड पडते. नदीच्या महापुरानें पडलेल्या खिंडारांतून पाणी एकदां वाहून जातें. खाजणाच्या खांडींतून तें दिवसांतून दोनदां आंत येतें व दोनदां बाहेर जातें, आणि प्रत्येक खेपेस खांड रुंदावते. ती बुजवावयाची तर अष्टमीच्या सुमाराचे, भरतीचा जोर कमी असलेले भांगाचे दिवस गांठावे लागतात. ओहोटीच्या कांहीं घटकांत खुंट, बांबू, पेंढा व चिखल घेऊन शेंपन्नास माणसांनीं एकदम काम उरकलें पाहिजे. पुढच्या उधाणापूर्वीं तें पुरें न झालें तर केलेलें सर्व वाहून जातें. शिवाय एकदां खारें पाणी शेतांत शिरलें म्हणजे तें मीठ धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे जातात. कोरगुटासारखें खारवट जमीन सोसणारें भातही तेथें लागलीच येत नाहीं. सारांश, बांधास तीन गोष्टी लागतात : रोजची नजर, वेळेवर मिळणारे हात, व हाताशीं असलेला पैसा. पुढील सर्व व्यवस्था या तीन गरजांतून निघाली आहे.

गोमंतकांत ही व्यवस्था गांवकरीकडे होती. पोर्तुगेजांनीं १५१० सालीं तिसवाडी घेतली, व १५४३ सालीं बारदेस आणि सासष्टी हे महाल त्यांजकडे गेले. १५२६ सालीं अफोंसो मेशिया या अधिकाऱ्यानें तिसवाडीच्या गांवकरांचे व कुळंब्यांचे पूर्वापार रिवाज लिहून काढविले. तोच प्रसिद्ध ‘फोराल’ होय. कुन्य रिव्हार यांनीं आपल्या पौर्वात्य दप्तरसंग्रहांत तो छापल्यामुळें अभ्यासकांस सुलभ झाला. त्याच्या आरंभीं अशी परंपरा नमूद आहे कीं पूर्वीं चार पुरुष या ओसाड बेटावर येऊन वसले, त्यांनीं जमीन लागवडीस आणली व उत्तम व्यवस्था लावली, म्हणून त्यांस गांवकर हें नांव पडलें. कथेचा अक्षरार्थ घेण्याचें कारण नाहीं. परंतु गांवकराचा मान जमीन उठविण्याच्या पराक्रमावर उभा आहे ही समजूत बांदिवड्याच्या ताम्रपटाशीं किती जुळते, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

या व्यवस्थेंतील कळीचा मुद्दा असा. सरकारास द्यावयाचा धारा गांवानें मिळून ठराविक रकमेनें भरावयाचा असे. गांवची जमीन सामाईक. ती ठराविक मुदतीनें लिलावानें लागवडीस दिली जाई. आलेल्या उत्पन्नांतून धारा, देवस्थान व गांवखर्च भागल्यावर जी शिल्लक राही, ती गांवकरांत ‘जोण’ म्हणून वांटली जाई. तूट आली तर तीही त्यांनींच सोसावयाची. आतां बांध फुटला असतां काय होई तें पहा. शेत बुडालें म्हणून धारा बुडत नसे. जोण मात्र निश्चित बुडे. म्हणजे बांधावर खर्चिलेला पैसा हा गांवकराच्या दृष्टीनें धर्मादाय नव्हता, तर स्वतःच्या ताटाचें राखण होतें. दुसऱ्या बाजूस, एका बांधाआड शेतें करणाऱ्यांचा एक संघ असे, त्यास पोर्तुगेज कायद्याच्या परिभाषेंत ‘बौस’ म्हटलें आहे. वर्षाची डागडुजी व खांड पडल्यास धांवून जाणें हें या संघाचें सामाईक दायित्व. मानसीवरील मासळी धरण्याचा हक्कही लिलावानें दिला जाई व तें उत्पन्न गांवच्या थैलींत पडे. अशा रीतीनें नजर, हात व पैसा हीं तिन्हीं एका गांवांत एकत्र आलीं होतीं.

उत्तर कोंकणांत घडण निराळी होती. कुलाब्याकडे ‘शिलोत्री’ या वहिवाटीनें खारीच्या जमिनी उठविलेल्या होत्या. तींत बाहेरचा बांध राखण्याचें काम शिलोत्रीदाराकडे असे, व त्याबद्दल कुळांनीं त्यास बिघ्यामागें ‘शिलोत्री मण’ म्हणून धान्य द्यावयाचें असे. म्हणजे गोव्यांत जें काम सामाईक हिशेबांतून होई, तें येथें ठराविक मोबदल्यावर एका माणसाकडे सोंपविलेलें होतें. त्याजबरोबरच शेतकऱ्यांनीं जमून बांधबंदिस्ती करण्याची ‘जोळ’ पद्धतिही खारेपाटांत होती. शिलोत्रीदार चोख असेल तोंवर ही व्यवस्था बरी चाले. परंतु मण वसूल करून बांधाकडे पाठ फिरविणारा भेटला तर कुळाच्या हातीं फिर्यादीपलीकडे कांहीं उरत नसे, आणि भरती फिर्यादीच्या निकालाची वाट पाहत नाहीं.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या गांवव्यवस्थेचें वर्णन करतांना तिला सत्ययुग मानण्याची प्रवृत्ति आपल्यांत आहे. ती इतिहासास मानवणारी नाहीं. गांवकरीची जोण गांवकरांच्या पुरुषवंशासच मिळे. कमरभर चिखलांत उभा राहून जो कुळंबी खांड बुजवी, त्यास त्या शिलकेंत वांटा नसे. फिलिप नेरी शाव्हियेर यांनीं १८५२ सालीं गांवकऱ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या संस्थांची थोरवी पुष्कळ गाइली गेली; परंतु ती थोरवी ज्यांच्या श्रमावर उभी होती त्यांचीं नांवें हिशेबाच्या वह्यांत बहुधा मजुरीच्या सदराखालीं हरवलेलीं असतात. उत्तरेकडे तर हा विरोध उघड संघर्षास पोंचला. अलिबागनजीक चरी व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांनीं खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालविला, नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. संप झाला तो मुलूख खारेपाटाचाच आहे, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

यानंतरच्या अर्धशतकांत दोन्हीं प्रांतांत जमिनीचे हक्क पालटले, व ते पालटणें न्याय्यच होतें. मुंबई इलाख्यांत १९४८ सालीं खारजमिनींविषयीं कायदा झाला. १९४९ सालीं खोती नष्ट करणारा कायदा आला. आणि महाराष्ट्रांत १९७९ सालीं खारजमीन विकासाचा नवा कायदा होऊन बांधांचा भार मुख्यतः सरकारी खात्याकडे गेला. गोव्यांत १९६१ सालीं पोर्तुगेज अंमल संपला. १९६४ च्या कूळकायद्यानें कुळाचा हक्क स्थिर झाला व खंडास मर्यादा पडली; १९७६ च्या दुरुस्तीनें कसणारास मालकीची वाट मोकळी झाली. परंतु त्याच क्षणीं गांवकरीचें उत्पन्न आटलें, लिलाव थांबले, व बांधावर खर्च करण्यास तिच्यापाशीं ना पैसा उरला ना कारण. ही पोकळी सरकारच्या लक्षांत आली नव्हती असें नाहीं. १९७५ सालीं कुळांच्या संयुक्त दायित्वाविषयीं नियम करण्यांत आले व प्रत्येक बांधाआड कुळांचे संघ स्थापावयाचें ठरलें. म्हणजे जुन्या बौसाचेंच काम नव्या नांवानें नव्या मंडळींकडे आलें. हक्क कायद्यानें एका दिवसांत हस्तांतरित होतो. बिळ बुजविण्याची संवय तशी होत नाहीं.

कित्येक ठिकाणीं हे संघ चांगले चालले. कित्येक ठिकाणीं त्यांचें लक्ष शेतावरून मानसीकडे गेलें. कोळंबी व मासळी यांचा भाव चढला तसा मानसीचा लिलाव भातापेक्षां अधिक पैसा देऊं लागला. मासळी धरणारास खारें पाणी आंत यावें असें वाटतें, भात करणारास तें बाहेर राहावें असें वाटतें. पूर्वीं या दोघांवर एकच धनी असल्यामुळें झडपा केव्हां उघडाव्या याचा निर्णय दोन्हीं उत्पन्नांचा विचार करून होई. पुढें ठेकेदाराचा नफा मासळींत व नुकसान दुसऱ्याच्या शेताचें, अशी विभागणी झाली. लोखंडाच्या खनिजाच्या बार्जा मांडवी-जुवारींतून दशकेंच्या दशकें ये-जा करीत होत्या, त्यांच्या लाटांनीं बांधांचे पायथे खाल्ले. त्या खनिजाच्या नफ्याचा बांधाशीं कांहींच संबंध नव्हता. पडीक खाजणांत मग तिवरांचें रान माजलें. १९९१ पासून किनारपट्टीच्या नियमांनीं तिवरांस संरक्षण दिलें, व २०११ च्या नियमावलींत गोव्याच्या खाजणांसही राखण्याची स्वतंत्र तरतूद झाली. दोन्हीं हेतु चांगलेच आहेत. तथापि ज्या भूमींत हस्त्यार्यास अरण्य तोडून बांध घालण्यासाठीं दान मिळालें, त्याच भूमींत आज बुडालेलें शेत पुन्हां उठवूं पाहणारास तिवरास हात लावतांना कायदा आड येतो. एकदां फुटलेला बांध वेळेवर न बुजविल्याची किंमत आतां केवळ मिठानें मोजून भागत नाहीं.

कोणी म्हणेल कीं बांध फुटण्याचीं कारणें बार्जा, उधाणें व मजुरांची टंचाई हीं आहेत; त्यांत व्यवस्थेचा दोष काढण्याचें प्रयोजन काय? आमचें उत्तर असें कीं उधाणें पूर्वींही येत होतीं, व खेकडे पूर्वींही बिळें करीत होते. फरक पडला तो बिळ पाहणारा कोण यांत. वरील सर्व वृत्तांतांतून एकच सूत्र हातीं येतें : बांध फुटल्यानें ज्याचें नुकसान होतें, त्याच्याच हातीं बांधाची किल्ली व थैली असेल तोंवर बांध राहतो. गांवकरीच्या काळीं हें सूत्र पाळलें गेलें, परंतु राबणारास वगळून. शिलोत्रींत तें मोबदल्याच्या करारापुरतें राहिलें. नव्या काळांत राबणारास जमीन मिळाली, पण थैली एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे व नुकसान तिसऱ्याकडे, अशी फांकाफांक झाली. यासाठीं जुना अन्याय परत आणावयाचा नाहीं. कसणाराच्या संघाकडेच मानसीचें उत्पन्न व बांधाचा खर्च हीं एकाच वहींत आणावयाचीं आहेत, आणि खाडीचा उपयोग करून जो नफा मिळवितो त्याचें नांवही त्या वहींत घालावयाचें आहे.

समुद्राची पातळी जगभर वाढत आहे हें आतां मोजमापानें सिद्ध झालें आहे. तेव्हां हा केवळ पुराणवस्तूंचा प्रश्न राहिलेला नाहीं. ज्यांनीं बांध राखले त्यांचे हिशेब गांवकऱ्यांच्या जुन्या वह्यांत व कोंकणच्या महसुली दप्तरांत विखुरलेले आहेत. कोणत्या सालीं किती माणसें लागलीं, पेंढा किती, दगड किती, खांड कोणत्या तिथीस बुजली, अशा नोंदी लढायांच्या बातम्यांइतक्या आकर्षक नसतात खऱ्या. परंतु या किनाऱ्यावरील माणसानें समुद्राशीं जो तह केला, त्याचीं कलमें त्याच नोंदींत आहेत. ज्या वाचकांच्या गांवीं असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं उतरून घ्यावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.